रकान्याबाहेरचे अकरा

“तोंडाचा नको, हातांचा वास घे पोरी. हात धुऊन आलोय मी.”

आवाज घोगरा होता, थंडीने तडकलेला, आणि त्यात हसू होतं. दारातल्या वीतभर खिडकीतून तो आत आला, तेव्हा त्याच्याबरोबर वाफेचा एक पांढरा गोळाही आला आणि ट्रूडीच्या गालाला लागून विरला. त्याला सव्वीस वर्षं झाली. वाफ विरली ती विरली, आवाज मात्र कानात बिऱ्हाड करून राहिला. भाडं नाही, करार नाही, येण्याजाण्याची वेळ नाही. कधी केस विंचरताना, कधी बसची वाट पाहताना तो आतल्या आत खाकरायचा आणि बोलायचा. ट्रूडीने त्याला हुसकून लावायचा प्रयत्न पहिली काही वर्षं केला. मग सोडून दिला. पण आज सकाळी एल्म कोर्ट नावाच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हर्ना स्पेन्सच्या खोलीत, मांडीवर प्रश्नांचे कागद घेऊन ती बसली होती आणि व्हर्नाने एवढंच विचारलं, “आल्सिडला कुठे घातलंस?” तेव्हा तो आवाज बोलला नाही. गप्प बसला. घरात कोणी तरी श्वास रोखून ऐकत असावं तसा गप्प. आणि त्या गप्प बसण्याने ट्रूडीच्या हातातलं पेन निसटून गालिच्यावर पडलं.

व्हर्नाने ते उचलून दिलं नाही. सासष्ट वर्षांची बाई, केसांची पांढरी वेणी पाठीवर, पायात लोकरी मोजे, आणि खिडकीत उन्हाला ठेवलेली सात रोपं. ही मुलाखत शेवटची होती. तीन वर्षांपूर्वी एल्म कोर्ट उघडलं तेव्हा जे साठ जण रस्त्यावरून, पुलाखालून, नदीकाठच्या तंबूंतून इथे राहायला आले, त्यांना ट्रूडी दर सहा महिन्यांनी भेटत आली होती. इथे दारू सोडल्याचा दाखला मागत नाहीत, देव मानतोस का विचारत नाहीत, आधी किल्ली हातात देतात आणि मग बाकीचं जमेल तसं जमू देतात. हे असं घर चालतं की नाही, माणसं टिकतात की नाही, एवढं सांगायचं ट्रूडीचं काम. प्रश्न चौसष्ट. व्हर्नाला ते पाठ झाले होते, आणि उत्तरं द्यायचा तिला कंटाळा नव्हता, राग होता.

“गेल्या तीस दिवसांत किती रात्री घराबाहेर काढल्या?” ट्रूडीने विचारलं होतं.

“तुझ्या नवऱ्याला विचार.”

“मला नवरा नाही, व्हर्ना.”

“मग बरोबर आहे. रोज चौसष्ट प्रश्न कोण ऐकून घेईल? लिही, शून्य. शेजाऱ्यांवर किती विश्वास वाटतो, एक ते पाच? पाच जणांवर वाटायचा, त्यातले दोन मेले. आता काय लिहितेस बघू. अडीच?” आणि मग हसणं थांबवून, वेणी पुढे ओढून घेत, “खाली स्वयंपाकघराच्या फळ्यावर तुमचा कागद लावलाय. एकोणपन्नासांतले एक्केचाळीस टिकले म्हणे. आम्ही साठ आलो होतो पोरी. मी अडाणी नाही. एकोणपन्नास कसे झाले? आल्सिडला कुठे घातलंस?”

ट्रूडीने सांगितलं. पाहणीच्या काळात जे दगावतात ते हिशेबात धरत नाहीत. ते घर सोडून गेले असंही म्हणता येत नाही आणि टिकले असंही म्हणता येत नाही. म्हणून त्यांची ओळ काढून टाकतात. सगळीकडे असंच करतात, ही काही आमची युक्ती नाही. हे सांगताना आपला आवाज मऊ होतोय, दवाखान्यातल्या बायांसारखा, हे तिला कळत होतं आणि त्याची शिसारी येत होती.

“काढून टाकतात,” व्हर्ना म्हणाली. घासात खडा लागावा आणि माणसाने चावणं थांबवावं, तशी ती त्या शब्दापाशी थांबली. “हे बघ. आल्सिड त्याच्या पलंगावर मेला. पायजमा घालून. दार आतून लावलं होतं त्याने. तुला माहितीये, चाळीस वर्षांत तो माणूस दार आतून लावून झोपला नव्हता? इथे आल्यावर पहिला महिनाभर दर तासाला उठून कडी बघायचा. लावायचा, काढायचा, लावायचा. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. खट्, खट्. शिव्या घालायचे त्याला. आणि तू म्हणतेस तो टिकला नाही, गेलाही नाही. मग काय झालं त्याचं? बाष्प झालं?” तिने समोरचं संमतीपत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि एका कुंडीखाली सारलं. “माझी पण ओळ काढ. जिवंतपणीच काढ. मुलाखतीबद्दल द्यायचं ते दुकानाचं कार्ड ठेव इथे आणि निघ.”

बाहेर उणे एकतीस होतं. ऊन असं लख्ख की डोळे दुखावेत, आणि त्यात ऊब म्हणून नाही. लग्नघरात सगळे हसताहेत आणि आपल्याशी कोणी बोलत नाही, तसलं ऊन. ट्रूडी बसथांब्याकडे चालत निघाली. पायाखाली बर्फ करकरत होता. थांब्यावरच्या काचेच्या खोपटात एक माणूस प्लास्टिकच्या पिशव्या पांघरून झोपला होता, आणि बाकीचे चौघे त्याच्यापासून दूर, उघड्या वाऱ्यात उभे होते. ती पाचवी जाऊन उभी राहिली. तिला राग आला. व्हर्नाचा आला, त्या घड्या घातलेल्या कागदाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा आला. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण खरं होतं: तिला आल्सिड देजार्ले कधीच आवडला नव्हता. दुःखी माणसांनी दुःखी दिसावं असं तिला तरुणपणी वाटायचं, आणि तो दिसत नसे. तो रांगेत उभा राहून गाणी म्हणायचा, मोडक्या फ्रेंचमध्ये, बोटांनी मांडीवर ताल धरून. माशांची गाणी, घोड्यांची गाणी, आजीच्या सारंगीची गाणी. सेंट ब्रेंडन या बेघरांच्या निवाऱ्याच्या दाराबाहेर, काळोखात, पन्नास-साठ माणसांची रांग. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारायचं आणि सहाला दार उघडायचं. दार उघडायचं म्हणजे दारातली खिडकी उघडायची. आत ट्रूडी. तेवीस वर्षांची, गावाकडून आलेली, मेनोनाइट या कडक ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याची मुलगी, जिच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता, आणि म्हणूनच जिला तो पन्नास पावलांवरून कळायचा. श्वास मोजायचं यंत्र पहिल्याच हिवाळ्यात बंद पडलं. ते दुरुस्तीला गेलं आणि परत आलंच नाही. पण निवाऱ्याच्या मुख्य बाई म्हणाल्या, “यंत्र कशाला? आपल्याकडे ट्रूडीचं नाक आहे.” आणि तेव्हापासून रीत पडली. एकेकाने खिडकीशी यायचं, नाव सांगायचं, तोंड उघडून हाऽऽ करायचं. आतून ट्रूडी वास घ्यायची. वास नसेल तर आत, खाट, गरम शेंगांचं सूप, पाव. वास असेल तर नोंदवहीत नावापुढे ‘वास: होय’, आणि खिडकी बंद.

किती तोंडं. किडलेल्या दातांची, पुदिन्याच्या गोळ्यांची, खोकल्याच्या औषधाची, उपाशी पोटाच्या आंबट वाफेची. त्या तोंडांमधून एकेका माणसाच्या आयुष्याची ऊब तिच्या चेहऱ्यावर येऊन आदळायची आणि ती त्यातून फक्त एक गोष्ट वेचायची, जसं धान्यातून खडे वेचतात. पुढे पुष्कळ वर्षांनी, एका माणसाने तिच्या गळ्यात हात टाकून तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं, तेव्हा ती नकळत नाकाने श्वास आत ओढून थांबली होती. तो म्हणाला, “काय झालं?” ती काय सांगणार? तपासत होते, असं? तो गेला. त्यानंतर आलेलेही गेले. दारं बंद करण्याचा सराव हाताला एकदा झाला की हात घरातही तेच करतात.

आणि त्या जानेवारीत, एका संध्याकाळी, आल्सिड खिडकीशी आला. मागची रांग गाण्याने सैल झालेली होती. आत ट्रूडीच्या मागे मुख्य बाई उभ्या होत्या. तिने म्हटलं, “नाव आणि हाऽऽ.” आणि तो म्हणाला, हातांचा वास घे पोरी. दोन्ही पंजे खिडकीतून आत घातले त्याने, उघडे, लालबुंद, खरोखरच साबणाने धुतलेले. रांग खदखदून हसली. कोणीतरी मागून ओरडलं, “ए ट्रूडी, घे की! लग्नाचं मागतोय म्हातारा!” तेव्हा तो काही म्हातारा नव्हता, पंचेचाळीसचा असेल. मुख्य बाईसुद्धा हसल्या. ट्रूडीचे कान तापले. मग त्याने हात काढून घेतले, वाकला आणि मुकाट्याने हाऽऽ केलं. आणि मग तिने नोंदवहीत लिहिलं, आणि खिडकी ओढून घेतली. मधे एक क्षण होता. हाऽऽ आणि पेन यांच्या मधला. दुखऱ्या दाताभोवती जीभ फिरावी तसं तिचं मन सव्वीस वर्षं त्या क्षणाभोवती फिरत आलं होतं, आणि टोक लागताच मागे येत होतं.

बस आली. तिला जागा मिळाली, खिडकीची. काचेवर आतून बर्फाची फुलं धरलेली होती, नखाने खरवडली तर खरवडायची आणि लगेच पुन्हा धरायची. पुढचं आल्सिडनेच तिला सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी, एल्म कोर्टातल्या पहिल्या मुलाखतीत, प्रश्न सत्तावीस. ‘तुम्हाला कधी निवाऱ्यातून परत पाठवलं गेलं आहे का? असल्यास कारण.’ तो समोर खुर्चीत बसला तेव्हाच तिने त्याला ओळखलं होतं. आवाजावरून नाही, उजव्या हाताला आता चार बोटं नव्हती, तरी उरलेल्या अंगठ्याने तो खुर्चीच्या हातावर तोच ताल धरत होता, त्यावरून. तो सत्तरीला आलेला. ती चष्मा लावलेली, केस कापलेले, संस्थेचं ओळखपत्र गळ्यात.

“पाठवलं की,” तो म्हणाला होता. “सेंट ब्रेंडन. मुलगी होती दारावर. नाकवाली. बरी होती तशी, तापट होती. त्या रात्री मी रेल्वेच्या पुलाखाली झोपलो आणि सकाळी ही चार पोरं उठलीच नाहीत.” त्याने पंजा वर केला. “सारंगी गेली. एका अंगठ्याने काय वाजवणार, शिट्टी?”

“कारण काय दिलं होतं?”

“प्यायलाय म्हणून. आता गंमत ऐक. चाळीस वर्षं प्यालो मी, बाटलीने प्यालो, डब्याने प्यालो, पण त्या दिवशी नव्हतो प्यायलो. सकाळी बहिणीला पुरून आलो होतो. आईशपथ घेतली होती तिच्या मातीवर, म्हटलं आजचा दिवस तरी नाही. आणि नेमकं त्याच दिवशी.” तो हसला. “पण हे कोण ऐकतं? सगळेच असं म्हणतात, नाही का?”

सगळेच असं म्हणतात, हे खरं होतं. ट्रूडीने कागदावर लिहिलं: होय. कारण: नशा. संकेतांक तीन.

मग तो थोडा पुढे वाकून बघत राहिला तिच्याकडे. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास होता. “तू कधी काम केलंयस का गं अशा ठिकाणी?”

नियम असा होता की मुलाखत घेणाऱ्याने स्वतःचं काही बोलायचं नाही, उत्तरं डहुळतात. पण नियम आठवायच्या आधीच तिच्या तोंडून गेलं, “नाही.” आणि तो म्हणाला, “बरं. विचार पुढचं.” ओळखलं होतं का त्याने? पुढे अडीच वर्षं, दर सहा महिन्यांनी, ती हा प्रश्न घेऊन त्याच्या दारात गेली आणि तोच घेऊन परत आली. तो दरवेळी कडी काढून दाखवायचा, बघ, आतून आहे. दरवेळी तिला वाटायचं, आज सांगू. आज त्याचा मूड बरा नाही, पुढच्या वेळी. मागच्या ऑक्टोबरात ती गेली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि व्हर्ना बोळात उभी होती.

संध्याकाळी इयनचा फोन आला. इयन मॅकब्राइड, पाहणी करणाऱ्या संस्थेचा प्रमुख, दहा वर्षांपासूनचा सहकारी, भला माणूस. “उद्या नगरभवनातल्या सुनावणीत तू आकडा सांगायचास, बाकी मी बघतो. चौऱ्याऐंशी टक्के टिकले. त्यांच्या पंचाहत्तरच्या अटीच्या वर आहे, घर वाचतं.”

“आणि अकरा धरले तर?”

“धरले तर अडुसष्ट होतात आणि एल्म कोर्टाला मार्चमध्ये टाळं लागतं. साठ खोल्या, ट्रूडी. धरत नसतात म्हणून आपण धरत नाही. ह्यात पाप काय?” मग थांबून, “नगरसेवक बाचिन्स्की मृत्यूंचा विषय काढणार. त्याचं म्हणणं, इथे पिऊ देतात म्हणून माणसं मरतात. तू एवढंच म्हण, ते आमच्या पाहणीच्या कक्षेबाहेर आहे. पाच शब्द. जमतील ना?”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता नगरभवनाच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. कोट काढायलाही कोणी तयार नव्हतं, सगळे जणू मारामारीला येऊन बसलेले. एल्म कोर्टाच्या गल्लीतले लोक पुढच्या रांगांत होते. एका बाईने बर्फात सापडलेल्या नशेच्या सुयांचे फोटो आणले होते, एका माणसाने पोराची चोरलेली सायकल सांगितली, आणि तो सांगताना रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त भीतिदायक होतं. “आम्ही काय माणसं नाही?” तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीला टेकून एल्म कोर्टाचे सात-आठ जण उभे होते. व्हर्ना मधे. कोणीतरी त्यांच्याकडे वळून नाकाला रुमाल लावला. व्हर्ना मोठ्याने म्हणाली, “तुझा पण येतोय रे, अत्तराचा.” कोणी हसलं नाही.

ट्रूडी फ्रीझनने आकडा सांगितला. चौऱ्याऐंशी. सभागृहात कुजबुज झाली. बाचिन्स्कीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, शेजारच्या घरी साखर मागायला आल्यासारखा बोलायचा.

“फ्रीझनबाई, साठ माणसं आत गेली. अकरा मेली. बरोबर?”

“बरोबर.”

“ती तुमच्या चौऱ्याऐंशीत नाहीत.”

“नाहीत.”

“मी आकडेवाला नाही, मी दुकानदार आहे. पण मला एक साधं कळतं. ह्याच शहरात सेंट ब्रेंडन निवारा आहे. तिथे नियम आहे: पिऊन यायचं नाही. गेल्या तीस वर्षांच्या त्यांच्या वह्या मी मागवल्या. त्या भिंतींच्या आत किती माणसं मेली? एकही नाही. तीस वर्षांत शून्य. तुमच्याकडे तीन वर्षांत अकरा.” त्याने हात पसरले. “मग नियम माणसाला वाचवतो की नाही? तुम्ही शिकलेल्या बाई आहात. मला समजावून सांगा.”

इयनने टेबलाखालून तिच्या गुडघ्याला कागद लावला. त्यावर पाच शब्द होते. तिने ते वाचले. किती चांगले शब्द होते, सरळ, स्वच्छ, कोणालाही न दुखवणारे. ते म्हटले की हा माणूस बसेल, मतदान होईल, चौऱ्याऐंशी टिकेल, व्हर्नाची सात रोपं त्याच खिडकीत राहतील. आणि नाही म्हटले तर? आपलं तोंड उघडलं तर ह्या घराचं काय होईल, हे तिला खरंच कळत नव्हतं. साठ खोल्या आपल्या एका श्वासावर टांगल्यासारखं तिला झालं. पण सभागृहात ‘शून्य’ हा शब्द अजून फिरत होता. लोक तो एकमेकांना देत होते, शून्य, ऐकलंस, शून्य, आणि तो शब्द हातोहात मागच्या भिंतीपर्यंत पोचला, तेव्हा तिने व्हर्नाचा चेहरा पाहिला. त्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यावर एक जुनी, मुरलेली सवय होती: हे असंच होणार होतं, अशी.

“त्या वह्या,” ट्रूडी म्हणाली. तिने पुन्हा सुरुवात केली. “त्या वह्यांतली चार वर्षं माझ्या अक्षरात आहेत.”

इयनने मान वळवली.

“मी सेंट ब्रेंडनच्या दारावर होते. शून्य खरं आहे. आमच्याकडे कोणी मेलं नाही, कारण मरण्याजोगं माणूस आम्ही आत घेतच नव्हतो. ते पुलाखाली मरायचे, बसथांब्यावर मरायचे, ते दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत. तुम्ही जानेवारीची पानं उघडा, नावांपुढे ‘वास: होय’ असं दिसेल. एका रात्रीत दहा-बारा. त्यांचं पुढे काय झालं याला तिथे रकाना नाही.”

“बाई, नियम मोडणाऱ्याला—”

“मला बोलू द्या.” तिने टेबलाची कड धरली. “तुमच्या अकरांतला एक आल्सिड देजार्ले. त्याला मी परत पाठवलं, उणे चौतीसमध्ये. त्याची चार बोटं गेली. तेवीस वर्षांनी एल्म कोर्टाने त्याला किल्ली दिली आणि तो अडीच वर्षं स्वतःच्या खोलीत, दार आतून लावून राहिला, आणि तिथेच मेला. त्याने मला विचारलं होतं, अशा ठिकाणी काम केलंयस का. मी नाही म्हणाले.”

बाचिन्स्कीने चष्मा पुन्हा काढला. मग जवळजवळ मायेने म्हणाला, “तुम्ही तरुण होता. नियम होता. तो प्यायलेला होता. ह्यात तुमचा काय दोष?”

ट्रूडी बाचिन्स्कीकडे बघत नव्हती. ती मागच्या भिंतीकडे, व्हर्नाकडे बघत होती, आणि तिलाच सांगत होती.

“तो प्यायलेला नव्हता. निदान मला तरी ते कळायला मार्ग नव्हता. त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. नाक पूर्ण चोंदलेलं होतं, मला कसलाच वास येत नव्हता. रांग माझ्यावर हसली, म्हणून मी ‘होय’ लिहिलं.”